सेकंदाचा बारावा भाग

ताईचं काम नेमकं काय, हे तिच्या घरात तेवीस वर्षांत कुणाला कळलं नव्हतं आणि कळून घ्यायची कुणाला घाईही नव्हती. ‘कार्टूनच्या कंपनीत आहे’ असं सांगितलं की लोक हसायचे आणि हसून झालं की ‘छान, छान’ म्हणायचे. लग्नाचं चाललं होतं तेव्हा पाहायला आलेल्या एकाने चहा पिता पिता तिला पुतण्यासाठी एक उंदीर काढून द्यायला सांगितलं. तिने तिथल्या तिथे काढून दिला. उंदीर फार आवडल्याचा निरोप आला, मुलीबद्दल काहीच आला नाही. पुढे ताईने तो विषयच बंद करून टाकला आणि वडील, धाकटा भाऊ, भावजय यांच्या घरात मागची खोली धरून राहिली.

कंपनी होती टायरच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर. जिन्यापासूनच रबराचा वास यायचा. आत तीस टेबलं, प्रत्येकाच्या मधोमध खालून उजेड येणारी काच, काचेच्या कडेला तीन खुंट्या आणि त्या खुंट्यांवर अडकवायचे भोकं पाडलेले कागद. जपानी अ‍ॅनिमे म्हणून जे जगभर डोक्यावर घेतात ते सगळं जपानातच तयार होतं, अशी भाबड्या लोकांची समजूत असते. पडद्यावरची मुलगी मान वळवते. मान वळायला लागली ते चित्र आणि मान वळून झाली ते चित्र, ही दोन तिकडची मोठी माणसं काढतात आणि शेवटी त्यांची नावं येतात. मधली मान वळते ती अशा कुठल्या तरी गोदामावरच्या मजल्यावर, आणि ती वळवणारीचं नाव कुठेच येत नाही. फार तर कंपनीचं नाव येतं, तेही बारीक अक्षरांत, लोक उठून दिवा लावत असतात तेव्हा.

ताईला आपल्या कामाचा अभिमान होता आणि तो ती झाकून ठेवायची. बाकीच्या जगातल्या मोठाल्या कंपन्यांनी पेन्सिल केव्हाच टाकून दिली होती. त्यांची माणसं, माकडं, पाणी, केस सगळं संगणकात घडायचं आणि लोण्यावरून घसरल्यासारखं सरसर हलायचं. जपानी लोक मात्र अजून चित्र काढत होते आणि त्यातही कंजूषपणा करत होते. सेकंदाला चौकटी चोवीस, पण चित्रं बारा, कधी आठच. बराच वेळ पात्र नुसतं उभं, ओठ तेवढे हलणार, केस तेवढे उडणार. आणि मग एका हालचालीत असा काही जीव ओतायचा की बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडावा. या कंजूषपणाला जगाने आधी नाकं मुरडली आणि नंतर त्याचीच नक्कल सुरू केली. ताईला हे कुणी शिकवलं नव्हतं. दोन चित्रांच्या मधे किती चित्रं घालायची नाहीत, हे तिच्या बोटांना कळत होतं.

साहेब एकोणिसाव्या वर्षी कंपनीत आले तेव्हा तिच्याच शेजारच्या टेबलावर बसले. चार कागद बोटांत धरून फडफडवत हालचाल कशी बघायची, हे तिनेच त्यांना दाखवलं. साहेबांना सरळ रेघ कधी आली नाही, म्हणून ते चढत चढत साहेब झाले. त्यांची खरी विद्या वेगळीच होती. साहेब आगाऊ माफी मागायचे. जपानला गेलेल्या प्रत्येक कामासोबत त्यांचं एक पत्र जायचं, की यात काही चूक निघालीच तर ती सर्वस्वी आमची आहे आणि आम्ही लाजेने मान खाली घातलेली आहे. चूक निघो न निघो, मान आधी खाली. कंपनीतल्या दुभाषीबाईंकडे या पत्राचा मसुदा तयारच असायचा, त्यात फक्त तारीख बदलायची.

एके दिवशी साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की या वेळच्या मालिकेच्या शेवटच्या भागात मधली चित्रं काढणाऱ्यांचीही नावं येणार आहेत. इथली चार. त्यात पहिलं ताईचं. ती नावं जपानला गेलीसुद्धा होती. ताई तोंड धुण्याच्या निमित्ताने मागे गेली आणि नळ सोडून रडली. सेहेचाळीस वर्षांच्या बाईने आपलं नाव पडद्यावर येणार म्हणून रडावं, याची तिला स्वतःलाच लाज वाटली. पण रडणं काही आटोपेना.

आणि मग तिने ते घरी सांगितलं. तिथेच चुकलं.

वडील, म्हणजे अण्णा, आयुष्यभर फोटो स्टुडिओत चेहरे दुरुस्त करायचं काम करत आले होते. काचेच्या मागे उजेड लावून, बारीक कुंचल्याने लोकांच्या मुरमांचे डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायची. चेहऱ्यातलं आपल्याला कळतं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

“नाव येणार म्हणतेस, मग एखादं चित्र तरी दाखव की,” अण्णा म्हणाले. “तेवीस वर्षांत एक तरी चित्र मी पाहिलंय का?”

“अण्णा, ती तशी बघायची नसतात. सेकंदाचा बारावा भाग असतो एकेक.”

“चित्र आहे ना? मग बघायचं नाही म्हणजे काय?”

भावजयीने उत्साहाने टीव्हीवर मालिकेचा, ताईने काम केलेला सातवा भाग लावला. “वन्सं, तुम्ही फक्त सांगा कुठे आहे ते.” धाकटा भाऊही हातातलं काम टाकून येऊन बसला. एवढी सगळी माणसं आपल्यासाठी एका खोलीत बसली आहेत, हे ताईने कधी पाहिलं नव्हतं. ती हुरळली. जी गोष्ट तिच्या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा करणार नाही, ती तिने केली. तिने तिच्या मते तिचं सगळ्यात चांगलं चित्र निवडलं आणि त्या चित्रावर पडदा थांबवला.

प्रसंग असा होता. लहानपणी टाकून गेलेला बाप मालिकेतल्या मुलीला मागून हाक मारतो. तिला वळायचं नसतं आणि ती वळते. जपानहून दोन चित्रं आली होती, पाठमोरी मुलगी आणि वळलेली मुलगी. मधे दोनच चित्रं घालायची सूचना होती. ताईने चेहरा काढला नव्हता, वेग काढला होता. नाक पुढे गेलेलं, एक डोळा मागेच राहून गालावर ओघळलेला, तोंड कानापर्यंत खेचलेलं. चालत्या चित्रात हे कुणाला दिसत नाही. दिसतं एवढंच की मुलगी अर्धी तिथेच राहू पाहते आहे. पण थांबवल्यावर टीव्हीभर पसरला तो एक फाटक्या तोंडाचा, खालीवर डोळ्यांचा राक्षस.

अण्णा आधी खुर्चीतून पुढे वाकले. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले आणि ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

“यासाठी तेवीस वर्षं?” ते डोळे पुसत म्हणाले. “अगं, असला चेहरा माझ्याकडे आला असता तर मी गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे पाठवलं असतं!”

“चालू करा, चालू करा, हलताना बघा,” ताई म्हणत राहिली. पण रिमोट आता भावाच्या हातात होता आणि तोही हसत होता. भावजय हसली नाही. तिने फोन काढून पडद्याचा फोटो घेतला. आपल्या घरातल्या माणसाचं काम टीव्हीवर आलंय, हे तिला खरंच कौतुकाचं वाटत होतं. तिने फोटोखाली ताईचं नाव, कंपनीचं नाव आणि ‘आमच्या वन्संनी काढलेलं चित्र, अभिमान आहे’ असं लिहून आपल्या माहेरच्या ग्रुपवर टाकलं. चांगल्या हेतूच्या माणसांपासून स्वतःला वाचवायचा उपाय अजून निघालेला नाही.

माहेरी तिचा एक भाऊ होता. तो दिवसरात्र अ‍ॅनिमे बघायचा आणि कुठल्या मालिकेचं चित्र कुठे घसरलं यावर इंटरनेटवर जगभरच्या रिकामटेकड्यांशी वाद घालायचा. त्याने तो फोटो तिथे टाकला, नावासकट. पुढचं घडायला चार दिवस लागले नाहीत. कुणी त्या चेहऱ्याला टोपी घातली, कुणी केसांचा रंग बदलला, कुणी आरशासमोर उभं राहून आपलं तोंड तसं ओढून फोटो काढले. ‘काम बाहेर दिलं की असं होतं’ असं एकाने लिहिलं आणि ते दीड लाख लोकांना पटलं. एका पोरीने तो चेहरा छापलेला सदरा घातला होता. त्या सगळ्याखाली ताईचं पूर्ण नाव होतं. तेवीस वर्षं जे नाव जिन्याखालच्या हजेरीवहीपलीकडे गेलं नव्हतं, ते आता माहीत नसलेल्या देशांतले लोक चुकीच्या उच्चारांत घेत होते.

भावजय रडली. “मी काय केलं हो, वन्सं?” असं दोनदा म्हणाली. ताई तिला काही बोलली नाही. बोलायला तिच्याकडे शब्द नव्हते असं नाही, पण भावाच्या घरात राहणाऱ्या बाईला ते गिळावे लागतात.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. जपानहून कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. पण जपानने बोलेपर्यंत थांबणारे ते साहेब नव्हेतच. त्यांनी दुभाषीबाईंना बसवून त्याच दुपारी पत्र लिहवलं. झाल्या प्रकाराची आम्हाला शरम वाटते, सदर बाईंना आम्ही कामावरून काढून टाकलं आहे, त्यांचं नाव यादीतून कृपया वगळावं. मग ताईला बोलावून म्हणाले, “नुसतं कागदावर आहे हो ते. तुम्ही आपल्या मागच्या टेबलावर बसा. आठ दिवसांत सगळे विसरतात.”

“आणि नाव?”

“ताई, आता त्या नावाचं काय करायचं सांगा बरं? लोक हसतील शेवटच्या भागाला.”

ताई मागच्या टेबलावर जाऊन बसली. खिडकीतून गोदामाचं पत्र्याचं छप्पर दिसायचं. तिने पेन्सिलीला टोक केलं आणि एका माणसाचं जिना उतरणं पूर्ण केलं. नाव येणार नाही हे तिने घरी सांगितलं नाही. अण्णांना तेवढं समाधान द्यायची तिची तयारी नव्हती.

उत्तर आलं बाराव्या दिवशी, आणि ते त्या मालिकेच्या मुख्य चित्रकारांचं होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस. इथे सगळे त्यांना म्हातारबुवा म्हणायचे. वळणाऱ्या मुलीचं पहिलं आणि शेवटचं अशी दोन्ही चित्रं त्यांनीच काढलेली होती. दुभाषीबाईंनी जेवणाच्या सुट्टीत ताईला जिन्यात गाठलं आणि इकडेतिकडे बघत पत्र वाचून दाखवलं.

म्हातारबुवांनी लिहिलं होतं, ‘ती मुलगी कशी वळेल हे मला सुचलं नव्हतं. म्हणून मी मधली जागा मोकळी सोडून दिली, हा माझा आळस. ती ज्यांनी भरली त्यांना कळलं होतं की तिला वळायचं नाही. लोक चित्र थांबवून हसतात, हसू द्यावं. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाचं एक तरी चित्र असं थांबवलं गेलं आहे. पुढच्या मालिकेत या बाईंनी पहिली आणि शेवटची चित्रं काढावीत, असं मी विचारणार होतो. तुम्ही त्यांना काढून टाकलंत, याचं वाईट वाटलं. तुमच्या विनंतीप्रमाणे नाव वगळलं आहे. त्यांचा पत्ता कृपा करून कळवावा.’

ताईने ते पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. “पहिली आणि शेवटची” या शब्दांवर तिने दुभाषीबाईंचा दंड धरला तो सोडेचना.

“तुम्हीच कळवा ना त्यांना माझा पत्ता,” ती म्हणाली. “पाया पडते तुमच्या.”

“साहेबांना कळलं तर माझी नोकरी जाईल, ताई. वाचून दाखवलं हेच फार झालं.”

ताई तशीच वर जाऊन साहेबांच्या खोलीत शिरली. साहेब पत्र समोर घेऊन बसले होते.

“मी इथेच आहे म्हणून लिही त्यांना,” ती म्हणाली. एकटं असलं की ती त्यांना अजून अरे-तुरे करायची.

“कसं लिहू? काढून टाकलं म्हणून मीच लिहिलंय. आता आहे म्हटलं तर मी खोटा ठरतो. तिकडे शब्दाला फार किंमत असते, ताई.”

“तुझ्या शब्दाला?”

“कंपनीच्या शब्दाला. तीस घरं आहेत या कंपनीवर.”

“मग नुसता पत्ता दे.”

“म्हणजे ते तुम्हाला लिहिणार आणि तुम्ही सगळं सांगणार. तेच झालं ना?” साहेबांनी कपाळ चोळलं. “पत्ता नाही म्हणावं तर ते शोधा म्हणतील. गाव सोडून गेली म्हणावं तर कुठे गेली विचारतील. म्हातारा चिकट आहे. काय लिहावं तेच सुचत नाही.” आणि त्यांनी ताईकडे पाहिलं. दोन चित्रांच्या मधे अडकला की एकोणिसाव्या वर्षीचा तो पोरगा असाच बघायचा आणि ती पेन्सिल घेऊन मधलं चित्र काढून द्यायची. ती नजर बघून ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मेली म्हणून लिही!” ती ओरडली. “मेली म्हणून लिही, म्हणजे कुणी शोधणार नाही!”

दुसरा कुणी असता तर त्याने शरमेने खाली बघितलं असतं. साहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला. त्यांनी वही पुढे ओढली.

“आजारी होती म्हणू?” त्यांनी विचारलं. “की अचानक?”

ताई दार आपटून बाहेर पडली. साहेबांनी ‘अचानक’ लिहिलं, हे दुभाषीबाईंनी नंतर सांगितलं.

त्यानंतर तिला मागचं टेबलही ठेवता येईना. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचा नंबर घालावा लागतो. काढून टाकलेल्या बाईचं जुनं काम म्हणून काही दिवस खपलं, पण मेलेल्या बाईच्या नंबरावर काम कसं पाठवणार? साहेबांनी पुष्पगुच्छ देऊन तिला निरोप दिला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या कंपनीत विचारायला गेली. तिथेही त्याच जपानी लोकांचं काम होतं. तिथल्या मॅनेजरने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, “बाई, आम्ही तर तुम्ही गेल्याचं ऐकलं. तिकडून पत्रच आलं होतं सगळ्यांना. आता तुम्हाला घेतलं तर आमचं त्यांच्याशी उगाच वाकडं व्हायचं.” मग हळूच विचारलं, “तो वळायचा प्रसंग तुम्हीच केला होता का?” तिने हो म्हटल्यावर त्याने दोन्ही हात जोडले आणि दारापर्यंत पोचवायला आला.

शेवटचा भाग आला त्या संध्याकाळी सगळं घर टीव्हीसमोर बसलं. नाव गेल्याचं ताईने अजूनही सांगितलं नव्हतं. काम सुटलं हेही ‘रजा आहे’ या नावाखाली झाकलेलं होतं. उठून गेली असती तर विचारलं असतं, म्हणून ती अण्णांच्या खुर्चीमागे भिंतीला टेकून उभी राहिली. मालिका संपली. गाणं सुरू झालं आणि नावं वर सरकायला लागली. मधल्या चित्रांच्या यादीत इथली तीन नावं आली आणि गेली.

“कुठंय?” अण्णा मान न वळवता म्हणाले. “गेलं का राहिलं?”

भाऊ तिच्याकडे बघणार इतक्यात गाणं थांबलं. पडदा काळा झाला. मधोमध पांढऱ्या अक्षरांत, आधी त्यांच्या लिपीत आणि खाली इंग्रजीत, ताईचं नाव आलं. एकटंच. वर नाही, खाली नाही, दुसरं कुणी नाही. सवयीने ताईच्या मनात आकडे सुरू झाले. चौकटी मोजता मोजता ती बहात्तरपर्यंत पोचली. तीन सेकंद. कुणी न थांबवता तिचं काहीही इतका वेळ पडद्यावर उभं राहिलं नव्हतं.

“वन्सं! नाव! एकटं नाव!” भावजयीने टाळ्या वाजवल्या.

भावाने खालची बारीक ओळ वाचली आणि त्याचा आवाज बदलला. “‘यांच्या स्मृतीस, कृतज्ञतेने.’ ताई, हे काय आहे? असं तर गेलेल्या माणसांसाठी लिहितात.”

अण्णांनी आता मान वळवली. त्यांनी लेकीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आपण चुकून दुसऱ्या कुणाशी बोलत नव्हतो ना, अशा नजरेने. ताईला सगळं सांगायचं होतं. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात भावजयीचा फोन वाजायला लागला, आणि मग तो थांबेचना. तिच्या भावाने नाव बघितलं होतं. जगभरच्या त्या रिकामटेकड्यांनीही बघितलं होतं. त्यांनीच टोप्या घातलेला तो फाटक्या तोंडाचा चेहरा आता काळ्या चौकटीत फिरत होता आणि त्याच्याखाली हजारोंनी हात जोडलेले, हजारोंनी फुलं. ‘आम्हाला माफ करा’ असं कुणी कुणी लिहिलं होतं. सदऱ्यावाल्या पोरीने रडतानाचा फोटो टाकला होता.

भावजय फोनकडे आणि ताईकडे आळीपाळीने बघत राहिली. तिला खोटं वागता येत नसे आणि उद्धटपणाही जमत नसे.

“वन्सं,” ती अखेर म्हणाली, “इतकी माणसं लिहितायत हो. सगळ्यांना काय उत्तर देऊ? नुसतं ‘आभारी आहोत’ लिहू का?”

ताईने भिंतीवरची पाठ काढली, पदर सारखा केला आणि जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकेक करून घरातले तिन्ही चेहरे पाहिले. तिच्यासाठी रडणारं त्यांच्यात कुणी नव्हतं.

“लिही,” ती म्हणाली.